गवताचे बी : पारख आणि पेरणी

झाशी हे नाव उच्चारताच मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर राणी लक्ष्मीबाई उभी राहते. कोकणातून उत्तरेत गेलेल्या नेवाळकर घराण्याने या नगरीवर राज्य केले आणि आपल्या खुणा मागे ठेवल्या. जुन्या शहरातील मानिक चौकाच्या परिसरात आजही राणीमहाल उभा आहे. रघुनाथराव नेवाळकर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६९ ते १७९६ या काळात बांधलेल्या या वास्तूत आता शिल्पांचे संग्रहालय आहे, आणि तिच्या भोवती बाजारपेठेची गजबज आहे. दुकानांची दाटी, अरुंद गल्ल्या आणि माणसांची वर्दळ अशा या चौकात गवताला जागा कोठून असणार? तरीही गवताचे बी कसे निवडावे आणि कसे रुजवावे, हे समजून घ्यायचे असेल तर याच झाशीकडे वळावे लागते.

या चौकातल्या संसारांचा गवताशी दोन वाटांनी संबंध येतो. जुन्या शहरातले एखादे कुटुंब बाहेरच्या वसाहतीत नवे घर बांधते, तेव्हा अंगणात थोडी हिरवळ असावी ही पहिली हौस असते. दुसरा संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रोज सकाळी या गल्ल्यांतून घरोघरी जाणारे दूध भोवतालच्या खेड्यांतील जनावरांचे असते आणि ती जनावरे पुष्कळ अंशी गवतावरच जगतात. हिरवळ ही हौस आणि कुरण ही गरज; परंतु दोन्ही फसतात ती बहुधा एकाच कारणाने. पिकाचे बी आपण पारखून घेतो, गवताचे बी मात्र कोणी पारखत नाही. गवत आपोआप उगवते, त्याला निवड कसली, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, हे पाहण्यासारखे आहे.

झाशीच का?

झाशी शहराबाहेर ग्वाल्हेर रस्त्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेची एक राष्ट्रीय संस्था आहे. 'भारतीय चरागाह एवं चारा अनुसंधान संस्थान' हे तिचे हिंदी नाव. मराठीत तिला भारतीय गवताळ कुरणे व चारा संशोधन संस्था म्हणता येईल. १९६२ साली तिची स्थापना झाली. उष्ण कटिबंधातील भारताच्या प्रमुख गवतांपैकी जवळजवळ सर्व जाती झाशीच्या आसपास आढळतात, हे ही जागा निवडण्यामागचे मुख्य कारण होते. आज धारवाड, अविकानगर, पालमपूर आणि श्रीनगर येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत. चारा पिकांवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाला १९७० मध्ये प्रारंभ झाला. त्या प्रकल्पाचे काम महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात आणि उरुळीकांचनच्या बाएफ या संस्थेतही चालत आले आहे.

झाशीचे गवताशी नाते त्याहून जुने आहे. घोडदळाच्या काळात दाणागोट्याइतकेच गवतही मोलाचे होते. पुढे इंग्रजांनी लष्करासाठी दूध व चारा पुरवणारी शेते उभारली. त्यांतले पहिले १८८९ मध्ये अलाहाबाद येथे सुरू झाले. स्वातंत्र्यानंतरही चालू राहिलेल्या या लष्करी शेतांमध्ये झाशीचाही समावेश होता. ३१ मार्च २०२१ रोजी ही सर्व शेते बंद करण्यात आली.

मराठी वाचकाला या विषयात आणखी एक आपुलकीचा धागा सापडेल. भारताच्या गवताळ प्रदेशांची पाहणी करून त्यांची वर्गवारी करणारा 'द ग्रास कव्हर ऑफ इंडिया' हा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या दोन लेखकांपैकी एक पी. एम. दबडघाव आणि दुसरे के. ए. शंकरनारायण. देशाच्या गवताळ आच्छादनाचे पाच मोठे प्रकार या ग्रंथात सांगितले आहेत. त्यांपैकी एका प्रकारात पवन्या आणि मारवेल ही गवते प्रमुख असतात. हा प्रकार मध्य भारतापासून दख्खनच्या पठारापर्यंत पसरलेला आहे. म्हणजे बुंदेलखंडातील माळ आणि आपल्याकडील नगर, सोलापूर वा बीडचा माळ ही एकाच कुळातली भावंडे होत. झाशीत जे सिद्ध झाले ते महाराष्ट्राला परके वाटत नाही, ते यामुळेच.

गवताचे बी का रुजत नाही?

गहू पेरला की आठवडाभरात शेत हिरवे दिसू लागते. गवताचे तसे नसते. माणसाने हजारो वर्षे निवड करून गव्हाला आपल्या सोयीचे केले. बहुतेक गवते मात्र अजूनही निसर्गाच्या नियमाने चालतात, आणि निसर्गाचा हेतू सगळे बी एकदम उगवावे असा नसतो. पहिल्या पावसानंतर महिनाभर उघडीप पडली तर सगळी रोपे एकदम करपून जातील. म्हणून काही बी लगेच उगवते आणि काही पुढच्या पावसाची वाट पाहत मातीत पडून राहते. याला बियांची सुप्तावस्था म्हणतात. अंजन गवताचे ताजे बी फारच कमी उगवते. तेच बी कोरड्या जागी सहा महिने ते वर्षभर ठेवले की त्याची उगवण सुधारते. बँकेच्या परिभाषेत सांगायचे तर हे बी मुदत ठेवीसारखे आहे. मुदतीपूर्वी मोडले तर नुकसान होते. मात्र मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे विसरून गेले तर बियाण्याच्या बाबतीत मुद्दलही हळूहळू संपते.

दुसरी अडचण बियाण्याच्या रूपाची. अंजनासारख्या गवतांचे बी केसाळ तुऱ्यांत गुंडाळलेले असते. हातात घेतले तर कापसाच्या बोंडासारखे हलके, वाऱ्यावर उडणारे. अशा तुऱ्यांपैकी कित्येकांत दाणा भरलेलाच नसतो. तिसरी अडचण काढणीची. एकाच लोंबीतले सर्व दाणे एका वेळी पिकत नाहीत आणि पिकलेले दाणे लगेच गळून पडतात. काढणी लवकर केली तर पोचट दाणे हाती येतात, उशिरा केली तर बी जमिनीवर सांडलेले असते. या साऱ्यामुळे गवताचे चांगले बियाणे दुर्मीळ आणि महाग होते. संशोधन संस्थांचा पुष्कळसा प्रयत्न या अडचणी दूर करण्यावर खर्च होतो. तुऱ्यावरचे केस काढून दाणा मोकळा करणारी यंत्रे, माती, शेणखत व वाळू यांच्या मिश्रणात बी घोळवून केलेल्या गोळ्या आणि माळरानाला मानवतील असे सुधारित वाण हे त्याचे फलित होय. 'बुंदेल अंजन', 'बुंदेल गिनी', 'बुंदेल दीनानाथ' ही नावे झाशीचीच आहेत.

या गवतांचा एक गुण शेतकऱ्याच्या फायद्याचा आहे. अंजन आणि गिनी या गवतांत बी बहुधा परागीभवनाच्या संकराशिवाय तयार होते. त्यामुळे त्यापासून उगवलेले रोप हुबेहूब मातृवृक्षासारखे निपजते. संकरित मक्याचे बी दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते, पण चांगल्या वाणाचे अंजन वा गिनी एकदा लावले की त्याचे बी राखून पुढे पेरता येते आणि वाण बिघडत नाही.

पिशवीवरची किंमत आणि खरी किंमत

बियाण्याच्या पिशवीवर दोन आकडे पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. एक शुद्धतेचा आणि दुसरा उगवणशक्तीचा. प्रमाणित गव्हासाठी किमान उगवण ८५ टक्के असावी लागते. गवतांची मानके पाहिली तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. अंजन गवतासाठी ही अट ३० टक्क्यांची आहे आणि गिनी गवतासाठी केवळ २० टक्क्यांची. दोहोंत शुद्ध बियाण्याचे किमान प्रमाण ८० टक्के आहे.

याचा अर्थ हिशेबाने समजून घेऊ. एका पिशवीत शुद्धता ८० टक्के आणि उगवण ३० टक्के असेल, तर या दोहोंचा गुणाकार २४ टक्के होतो. म्हणजे एक किलो बियाणे घेतले, तरी प्रत्यक्षात उगवणारे शुद्ध बी केवळ २४० ग्रॅम. आता असे समजा की, ही पिशवी किलोला ३०० रुपयांना मिळते आणि शेजारच्या दुकानात ९० टक्के शुद्धतेची, ५० टक्के उगवणीची पिशवी ४५० रुपयांना आहे. पहिली स्वस्त वाटते. परंतु उगवणाऱ्या एका किलोचा भाव काढला तर पहिलीचा पडतो १,२५० रुपये आणि दुसरीचा १,००० रुपये. कर्जाचा व्याजदर पाहताना आपण इतर आकारांचा हिशेब करतो, तसाच हिशेब येथेही करावयास हवा.

पिशवीची चिठ्ठीही बोलकी असते. पिवळी चिठ्ठी पैदासकार बियाण्याची, पांढरी पायाभूत बियाण्याची, निळी प्रमाणित बियाण्याची आणि हिरवी सत्यप्रत बियाण्याची. निळ्या चिठ्ठीमागे प्रमाणीकरण यंत्रणेची तपासणी असते. हिरव्या चिठ्ठीवरील माहितीची जबाबदारी बियाणे तयार करणाऱ्याची असते. चिठ्ठी नसलेले, सुटे विकले जाणारे बियाणे घेणे म्हणजे खातेपुस्तक न पाहता व्यवहार करणे होय.

चिठ्ठी असली तरी घरच्या घरी एक परीक्षा करता येते. पिशवीच्या निरनिराळ्या भागांतून १०० दाणे न निवडता उचलावेत, ओल्या टीपकागदावर वा सुती फडक्यावर पसरावेत आणि ओल टिकवून सावलीत ठेवावेत. सातव्या, चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी मोड आलेले दाणे मोजून वेगळे करावेत. एकूण मोड जितके, तितके टक्के उगवण. तीन आठवड्यांचा हा धीर पुढच्या साऱ्या हंगामाचे नुकसान वाचवतो.

अंगणातील हिरवळ

हिरवळीसाठी कोणते गवत निवडावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मराठी घराच्या देवघरात आहे. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, तेच हरळी गवत. उत्तरेत त्याला दूब म्हणतात. राणी लक्ष्मीबाईचा विवाह १८४२ मध्ये झाशीच्या ज्या गणेशमंदिरात झाला असे सांगतात, तेथेही याच दूर्वा वाहिल्या जातात. शेतात शिरली की हरळी शेतकऱ्याची वैरीण ठरते, कारण तिच्या प्रत्येक पेरातून मूळ फुटते. हाच गुण अंगणात उपयोगी पडतो. ऊन, तुडवण आणि पाण्याची ओढ सोसून ती पुन्हा हिरवी होते.

मात्र हरळीला दिवसाकाठी किमान सहा तास ऊन हवे. झाडाखाली वा उंच भिंतीच्या सावलीत ती विरळ होत जाते. अशा ठिकाणी रुंद पानांचे कार्पेट गवत अधिक टिकते. कोरियन लॉन म्हणून मिळणारे गवत मऊ आणि दाट दिसते, परंतु ते संथ वाढते व बियांऐवजी ठोंबांनीच लावावे लागते. खेळाच्या मैदानांवर वापरल्या जाणाऱ्या संकरित बर्म्युडा जातींना तर रुजणारे बीच येत नाही. म्हणून अशा जातींचे 'बी' कोणी विकू लागला तर सावध राहावे. थंड देशांतील राय, फेस्क्यू किंवा ब्लूग्रास यांच्या आकर्षक वेष्टनातील बियाण्याचेही तसेच. हिवाळ्यात ते झटपट उगवते आणि डोळे निवतात. झाशी असो वा नागपूर, पारा ४५ अंशांकडे झुकू लागला की ते करपून जाते. वेष्टनावरचे चित्र कोणत्या हवामानात काढले आहे, याचा विचार खरेदीपूर्वीच करावा.

पेरणीला जून-जुलै किंवा फेब्रुवारी-मार्च हे काळ चांगले. जमीन सुमारे ३० सेंटीमीटर खोल खणून दगड, मुळ्या आणि विशेषतः नागरमोथ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. नंतर लगेच पेरू नये. पाणी देऊन तण उगवू द्यावे, ते काढावे आणि शक्य तर हेच पुन्हा एकदा करावे. ज्यांना ही दोन आठवड्यांची दिरंगाई जड वाटते, त्यांना पुढे दोन वर्षे खुरपणी करीत बसावे लागते. त्यानंतर कुजलेले शेणखत मिसळून, पाणी साचणार नाही असा किंचित उतार ठेवून जमीन सपाट करावी.

दूर्वेचे बी अतिशय बारीक असते. टरफल काढलेल्या बियांची संख्या एका किलोत ४० लाखांच्या घरात जाते. १०० चौरस मीटरला चांगल्या उगवणीचे सुमारे ३०० ग्रॅम बी पुरते. ते कोरड्या बारीक वाळूत मिसळून निम्मे उभ्या आणि निम्मे आडव्या दिशेने फेकावे. वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्यावा, हलका रूळ फिरवावा आणि झारीने पाणी द्यावे. बी खोल गाडले गेले तर वर येत नाही, पाण्याची धार लागली तर वाहून एका कोपऱ्यात जमते. उगवण होईपर्यंत वरचा थर ओला ठेवणे एवढेच काम असते. गवत पाच ते सात सेंटीमीटर झाले की पहिली कापणी करावी आणि कोणत्याही वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये.

एक हिशेब मात्र आधी करावा, तो पाण्याचा. १०० चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे १०० लिटर. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले तर दिवसाला ५०० लिटर पाणी लागेल. बुंदेलखंडात किंवा मराठवाड्यात एवढे पाणी हिरवळीवर ओतणे परवडेल काय आणि शोभेल काय, हे ज्याचे त्याने ठरवावे. हिरवळ लहान असावी, स्वयंपाकघरातील व आंघोळीचे पाणी शक्य तेथे तिच्याकडे वळवावे आणि उन्हाळ्यात ती थोडी पिवळी पडली तर घाबरू नये. दूर्वा मेलेली नसते. पहिल्या सरीबरोबर ती पुन्हा डोके वर काढते.

गावाचे कुरण

अंगणात बी वाया गेले तर काही शे रुपयांचे नुकसान होते. गावाच्या कुरणात ते वाया गेले तर जनावरांची एक पिढी उपाशी राहते. बुंदेलखंडात रबीचे पीक निघाल्यावर जनावरे मोकळी सोडण्याची जुनी रीत आहे. तिला 'अन्ना प्रथा' म्हणतात. पूर्वी पावसाळ्यात ती पुन्हा दाव्याला बांधली जात. गायराने उजाड झाली, चारा महागला आणि दूध न देणारी गाय पोसणे अवघड झाले, तशी अनेक जनावरे बारमाही मोकाट राहू लागली. पिके राखण्यासाठी शेतकऱ्यांना रात्री शेतात जागून काढाव्या लागतात. आपल्याकडे २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत चारा छावण्या उभाराव्या लागल्या, त्याचे मूळही यापेक्षा फार वेगळे नव्हते. देशातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे चार टक्केच क्षेत्र चारा पिकांना मिळते. उरलेला भार पिकांच्या अवशेषांवर आणि माळावरच्या गवतावर पडतो.

माळावरचे चांगले गवत नाहीसे कसे होते, हेही समजून घ्यावे. जनावर आधी चविष्ट गवत खाते. पवन्या आणि मारवेल फुलावर येण्यापूर्वीच खाल्ले जातात. त्यांचे बी जमिनीवर पडत नाही. कुसळी मात्र तिच्या टोकदार कुसळांमुळे बचावते आणि बी पाडते. काही वर्षांत माळ हिरवा दिसतो, पण त्यात खाण्याजोगे थोडेच उरते. म्हणून कुरण सुधारण्याचा पहिला उपाय चराईबंदी हाच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून गवत कापून नेण्याची शिस्त लावली. तेथे डोंगरावर गवत परतले, त्याच्यामागून दूध आले आणि गावाचा संसार सावरला.

जेथे बी मुळीच उरले नाही तेथे पेरणी करावी लागते. अंजनाचे हेक्टरी चार ते पाच किलो बी पुरते. ते एक-दीड सेंटीमीटरहून खोल जाऊ नये. गिनीसारख्या गवतांची रोपे उन्हाळ्याच्या अखेरीस गादीवाफ्यावर तयार करून पहिल्या चांगल्या पावसात लावणे अधिक खात्रीचे ठरते. सोबत स्टायलो हे द्विदल पेरले तर चाऱ्याचा कस वाढतो आणि जमिनीला नत्र मिळते. स्टायलोचे कवच टणक असल्याने बी पेरणीपूर्वी काही मिनिटे गरम पाण्यात ठेवतात. पहिले वर्ष जनावर आत सोडायचे नाही. गवत पिकू द्यायचे, बी झडू द्यायचे आणि मग कापायचे.

हे पहिले वर्षच सर्वांत कठीण. ज्याच्या गोठ्यात दोन म्हशी उपाशी आहेत, त्याने समोरचे हिरवे कुरण वर्षभर राखावे ही अपेक्षा सोपी नाही. तेथेच पतपुरवठ्याची गरज भासते. किसान क्रेडिट कार्डाची सुविधा २०१८-१९ च्या अर्थसंकल्पातील घोषणेनंतर पशुपालकांनाही देण्यात आली आणि त्यातून वैरण-खाद्याचा चालू खर्च भागवता येऊ लागला. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये चारा बियाण्यांची प्रक्रिया व प्रतवारी यांसाठीच्या सुविधांचा भांडवली अनुदानात समावेश करण्यात आला. ज्या बचत गटांना वा शेतकरी उत्पादक कंपन्यांना गवताच्या बियाण्याचा व्यवसाय करावयाचा आहे, त्यांनी शाखेत येऊन याविषयी चौकशी अवश्य करावी. चांगल्या बियाण्याची मागणी मोठी आहे आणि पुरवठा थोडा, हे ध्यानात घेतले तर हा व्यवसाय दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पेरणाऱ्याची पुंजी

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. निमित्त कोणतेही असो, काम मात्र साधेच आहे. आपल्या जमिनीला आणि उन्हाला मानवेल ते गवत निवडणे, पिशवीवरचे दोन आकडे गुणून पाहणे, १०० दाणे ओल्या फडक्यावर ठेवून तीन आठवडे थांबणे, बी वरवर पेरणे आणि पहिले वर्ष त्याला हात न लावणे. अंगण असो वा गायरान, क्रम हाच. मानिक चौकातल्या घराघरांत पोहोचणाऱ्या दुधाच्या पेल्यामागे कोठेतरी माळावर कोणीतरी राखलेले गवत असते. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपापल्या गावात तसे राखलेले निदान एक कुरण आहे का, याची चौकशी वाचकांनी केली, तरी एक चांगली सुरुवात होईल.